शेवटचा स्क्रू

पाठ करून उभं राहायचं, असा मिस्त्रींचा नियम होता. गाडी सुरू असायची, बॉनेट उघडं असायचं, आणि आम्ही दोघं शिकाऊ गॅरेजच्या भिंतीकडे तोंड करून उभे. मिस्त्री चारपैकी एका सिलिंडरच्या प्लगची वायर काढायचे आणि विचारायचे, "सांगा, कोणता मेला?" इंजिन लंगडायला लागायचं. माझ्या शेजारचा क्षणभर मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "दुसरा." बरोबर असायचं. माझ्या कानांना चारही सिलिंडर सारखेच मेलेले वाटायचे. मी भिंतीवर पडलेली मिस्त्रींच्या हाताची सावली पाहून उत्तर द्यायचो, आणि आभाळ आलं की माझी पंचाईत व्हायची.

नुसत्या कानाने सिलिंडर ओळखता येत नाही, असं मला पुढे नागपूरच्या एका इंजिनिअरने छातीठोकपणे सांगितलं होतं. ऐकून फार बरं वाटलं. त्याला मी चहा पाजला, वर समोसाही दिला. पण माझ्या शेजारचा ओळखायचा, हे मी रोज पाहिलेलं होतं. त्याला मी काय करणार?

मिस्त्रींचं गॅरेज ब्रह्मपुरीत वडसा रोडला होतं. ही तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा पेट्रोलच्या गाडीला कार्बोरेटर असायचाच, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारं एक ओतीव भांडं. त्या भांड्याचे रुसवेफुगवे ज्याला कळतात तो मिस्त्री, बाकीचे सगळे नट आवळणारे. माझ्या शेजारी उभा राहणारा भामरागडच्या पलीकडच्या एका गावचा होता, माडिया आदिवासी घरातला. त्याची भाषा वेगळी, देव वेगळे. मराठी तो गॅरेजात शिकला, त्यामुळे त्याच्या मराठीत शिव्या आधी आल्या आणि बाकीचं नंतर. सगळे त्याला भामरागडवाला म्हणायचे. मी इथलाच, धान पिकवणाऱ्या घरातला, दुपारी घरून गरम डबा येणारा. मिस्त्रींनी मला जास्त जीव लावायला हवा होता, असं मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटायचं. मी त्यांच्या बायकोला, म्हणजे काकींना, विहिरीवरून पाणी आणून द्यायचो, त्यांच्या गाडीला फडकं मारायचो. त्याने यातलं काही केलं नाही, आणि मिस्त्रींनी जीव त्याला लावला.

गाडी दुरुस्त झाली की शेवटी एक काम उरायचं. कार्बोरेटरच्या पोटाशी एक बारीक पितळी स्क्रू असतो. तो फिरवला की पेट्रोल कमी-जास्त होतं. पाय न लावता इंजिन आपल्या आपण शांत चालत राहावं, म्हणून तो स्क्रू पाव-पाव फेऱ्याने नेमक्या जागी आणावा लागतो. बाकी सगळं काम आम्ही केलेलं असलं, तरी हा शेवटचा स्क्रू मिस्त्री स्वतः लावायचे. त्यासाठी त्यांच्या खिशात एक बुटका पेचकस असायचा, लाकडी मुठीचा, मूठ घामाने काळी पडलेली. डोळे मिटून ते स्क्रू फिरवायचे, थांबायचे, पुन्हा केसभर फिरवायचे. तो पेचकस त्यांनी एखाद्याच्या हातात ठेवला, की तो मिस्त्री झाला. असं ते कधी बोलले नाहीत, पण गॅरेजात सगळ्यांना ठाऊक होतं.

भामरागडवाल्याला त्यांनी तो तिसऱ्या वर्षी दिला. एका वकिलाची पांढरी गाडी होती. मी तेव्हा रॉकेलने हात धूत होतो. मिस्त्री म्हणाले, "घे, तू लाव." मला वाटलं मलाच म्हणताहेत, म्हणून मी वळलो, तर पेचकस त्याच्या हातात गेलेला. मी पुन्हा हात धुवायला लागलो आणि पार कोपरापर्यंत धुतले. त्या दिवशी मला दिसेल त्या नटाचा राग येत होता. उद्या आपल्याला मिळेल, असं स्वतःला सांगितलं. मग वाटलं, या महिन्यात मिळेल. मग दिवाळीला. मला तो मिळाला नाही.

पुढे तो आपल्या मुलखात परत गेला. तिकडे मोटारसायकली, पाणी ओढायची इंजिनं, धान भरडायच्या गिरण्या, जे बंद पडेल ते दुरुस्त करतो. पावसाळ्यात भामरागडचा रस्ता पुरात गेला की आठवडे न् आठवडे त्याचा फोन लागत नाही. ते आठवडे मला बरे जातात, कारण तेव्हा मिस्त्रींच्या घरी त्याचं नाव निघालं, तरी लगेच त्याला फोन लावायची सोय नसते.

मी मात्र इथेच गॅरेज काढलं, आणि खोटं कशाला बोलू, मिस्त्रींच्यापेक्षा मोठं काढलं. माझ्याकडे गाडीला जोडायचं स्कॅनर मशीन आहे. वायर लावली की गाडी पडद्यावर स्वतःच सांगते, कुठे दुखतंय. ते आणलं तेव्हा मी मिस्त्रींना मुद्दाम स्कूटरवर बसवून दाखवायला नेलं होतं. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. "गाडी सांगते, मशीन वाचते, अन् तू करते," ते म्हणाले. "मंग यात मिस्त्री कोन?" एवढं बोलून त्यांनी चहा मागितला. मशीनचा हप्ता भरतानासुद्धा इतकं झोंबलं नव्हतं.

आता मिस्त्री ऐंशीच्या घरात आहेत. गॅरेज कधीच बंद झालं. जन्मभर इंजिनांशेजारी काढल्याने कान गेले. डाव्याने काहीच ऐकू येत नाही, उजव्याशी ओरडावं लागतं. पण त्यांची स्वतःची जुनी गाडी अजून आहे, अंगणात टिनाच्या शेडखाली. कार्बोरेटरवालीच. रोज सकाळी सातला ते ती काढतात, काकींना शेजारी बसवतात, आणि चौकातल्या चहावाल्यापर्यंत जाऊन येतात. चहा गाडीतच पितात. त्यांचा दिवस तिथून सुरू होतो.

या गाडीचं पेट्रोल मी पुरवतो. दर पंधरा दिवसांनी पाच लिटरचा डबा भरून नेतो आणि नरसाळं लावून टाकीत ओततो. पंप त्यांच्या वाटेवरच आहे, त्यांना कोणाची गरज नाही. पण मीच हट्टाने ते काम घेतलं. भामरागडवाला काय, लांबून फोन करतो. गाडीत पेट्रोल कोणाचं आहे, ते बघा ना. हा सगळा हिशेब माझ्या डोक्यातच होता. मिस्त्रींनी तो कधी मांडला नाही.

भामरागडवाला फोन करायचा तसंच दर हिवाळ्यात मिस्त्रींसाठी टोरीचं तेलही पाठवायचा. टोरी म्हणजे मोहाची बी. तिच्या तेलाने तिकडे घरोघरी स्वयंपाक होतो आणि दुखऱ्या सांध्यांनाही तेच लावतात. काकी ते कोमट करून मिस्त्रींच्या गुडघ्यांना चोळायच्या आणि मिस्त्री डोळे मिटून म्हणायचे, "अशा तेलाले तोड नाई." मी आणलेल्या मलमाच्या चार ट्यूब खिडकीत धूळ खात पडल्या होत्या. गेल्या हिवाळ्यात त्याने दोन डबे पाठवले, एक मिस्त्रींना आणि एक मला. गाड्यांखाली वाकून वाकून माझी कंबर धरली आहे, हे त्याला काकींनी सांगितलं असावं. निळा प्लास्टिकचा डबा, कडी तुटलेली, तिच्या जागी पळसाच्या वाखाची दोरी वळून बांधलेली. बरोबर निरोपही होता, रात्री झोपताना लावजो.

मला त्या डब्याचा जो राग आला, तो मी नीट सांगू शकणार नाही. माझ्या कंबरेची काळजी करणारा हा कोण? मिस्त्रींचे गुडघे घेतलेस, आता माझी कंबरही हवी का तुला? मी डबा उचलला आणि गॅरेजच्या मागे जळक्या ऑइलच्या पिंपावर उपडा केला. टोरीचं तेल थंडीत तुपासारखं गोठतं. जेवढं पातळ होतं तेवढं वाहून गेलं, बाकीचं तळाला आणि कडेला चिकटून राहिलं. डबा मात्र चांगला दणकट होता. तो फेकायचा जीव झाला नाही. मी तसाच पंपावर नेला आणि मिस्त्रींसाठी पेट्रोल भरलं. धुवायचं मनात आलं होतं. पण आम्हा मिस्त्री लोकांची एक खोड असते, पेट्रोलने जगातलं सगळं धुतलं जातं असं आम्हाला वाटतं. हात, प्लग, चेन, कपड्यावरचे डाग, सगळं आम्ही पेट्रोलनेच काढतो. डबा पेट्रोलचाच होणार आहे, पेट्रोलच त्याला साफ करेल, असं म्हणून मी तो विषय संपवला. पेट्रोलने डबा खरंच साफ केला. त्यातलं तेल कुठे गेलं असेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

पेट्रोल त्यांच्या टाकीत ओतून रिकामा डबा ओसरीवर ठेवून आलो, आणि चार दिवसांनी काकींचा फोन आला. गाडी सकाळी सुरू होते, पण फाटकापर्यंत गेली की बंद पडते. मिस्त्री तिथेच स्टिअरिंग धरून बसून राहतात, चहा घरात प्यावा लागतो, आणि मग दिवसभर कोणाशी बोलत नाहीत.

मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. मिस्त्रींची गाडी, मिस्त्रींना ऐकू येत नाही, भामरागडवाला दूर जंगलात. आता ही गाडी मी नीट करणार, आणि शेवटचा स्क्रू त्यांना लावता येणार नाही. मग पेचकस कोणाच्या हातात देतील?

मी अकरा वाजता गेलो. गॅरेज उघडून, कामं लावून देऊन, ऊन चढल्यावर. किल्ली फिरवली, तर गाडी लगेच सुरू झाली आणि छान चालत राहिली. प्लग काढून पाहिले, थोडे काळे होते. नवे बसवले. "झालं, मिस्त्री!" मी उजव्या कानाशी ओरडलो. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गाडी फाटकाशी बंद पडली.

मी पुन्हा अकराला गेलो. या वेळी ठिणगी पाडणारे पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, ठिणगी पाहिली. निळी, खणखणीत. गाडी दुपारभर घड्याळासारखी चालली. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग मी कार्बोरेटर उतरवला. त्याच्या खालच्या वाटीत पेट्रोल साठतं, ती पाहिली, स्वच्छ होती. बारीक छिद्रांच्या पितळी नळ्या असतात, जेट म्हणतो आम्ही, त्या हवेने फुंकल्या. आरपार मोकळ्या होत्या. पेट्रोल ओढणारा पंप उघडून त्याचं रबर बदललं. दुपारी दीड वाजता टिनाखाली मी घामाने निथळत होतो आणि गाडी अशी चालत होती की तिला काही झालंच नव्हतं.

मिस्त्री खुर्चीवर बसून पाहत होते. "सकाळी येऊन पाहाचं होतं ना गा," एवढंच म्हणाले. मला ते टोमण्यासारखं लागलं. सकाळी माझ्या गॅरेजात चार गाड्या येतात, मी काही रिकामा बसलेलो नाही, असं मी म्हणालो, पण त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात. चौथ्या सकाळी गाडी फाटकापर्यंतही गेली नाही.

त्या दुपारी काकी म्हणाल्या, "यायनं फोन लावाले लावला. तो येऊन राह्यला."

कोण, ते मी विचारलं नाही. अंगाची नुसती आग झाली. गावात माझ्यासारखा माणूस बसलेला असताना दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवरून त्याला बोलवायचं! ज्याने आयुष्यात स्कॅनर पाहिला नसेल, त्याला! घरी येऊन मी बायकोवर चिडलो. ती म्हणाली, "तुमच्यानं होत नाई म्हून बोलावलं असंल." तिला यात काही वाईट बोलल्यासारखं वाटलंच नाही.

तो संध्याकाळच्या बसने येऊन मिस्त्रींकडेच उतरला. सकाळी सहाला काकींचा फोन. "तू ये बाबा. तो म्हनते, तू आल्याशिवाय बॉनेट उघडत नाई." मी स्वेटर चढवून गेलो. धुकं होतं, शेडच्या टिनावरून दव ठिबकत होतं. तो गाडीच्या चाकाशी उकिडवा बसलेला, तसाच बारीक, केस तेवढे पांढरे झालेले. मला पाहून उठला.

"कंबर कशी हाये?" त्याने पहिलं हेच विचारलं. "तेल लावतं ना?"

"लावतो," मी म्हणालो.

मी किल्लीला हात घातला तर तो म्हणाला, "चालू नोको करू. थंडीच पाहू." त्याने कार्बोरेटरची वाटी तशीच थंड असताना खाली घेतली, आणि आतलं पेट्रोल न सांडता ती उजेडात धरली. मी तीच वाटी दुपारी दीडला पाहिली होती. आता तिच्या कडेला, रात्रभरात पेट्रोल जिथून उडून गेलं होतं तिथे, पांढुरका चिकट थर बसला होता, हिवाळ्यात भाजीच्या पातेल्याला बसतो तसा. जेटच्या तोंडाशीही तेच. त्याने थर बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला. बोटाच्या उबेने तो लगेच वितळला. मग त्याने बोट नाकाशी नेलं.

मला वास यायची गरज नव्हती. त्याचं तोंड पाहूनच मला सगळं कळलं. दिवस तापला की हा थर वितळतो आणि गाडी चालते, रात्री गोठला की जेट बंद. मी चार दिवस अकराला येत होतो आणि चार दिवस दुखणं माझ्या डोळ्यांदेखत वितळून जात होतं. त्याने मान वळवून ओसरीकडे पाहिलं. तिथे निळा डबा होता, पळसाच्या दोरीचा. ती दोरी त्याने स्वतः वळलेली होती. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली पाहिलं.

"काय निंगलं?" मिस्त्री खुर्चीवरून ओरडले. चादर गुंडाळून बसले होते.

तो त्यांच्या उजव्या कानाशी गेला. "कचरा हाये, मिस्त्री! जेटात कचरा!"

"आन इकडं."

त्याने वाटी त्यांच्या हातात दिली. मिस्त्रींनी ती पाहिली, तोंडाजवळ नेली, थोडा वेळ तशीच धरली, आणि परत केली. "हो," ते म्हणाले. "कचराच हाये."

मग आम्ही दोघांनी काम केलं. टाकी उतरवून सगळं पेट्रोल काढलं. मी पंपावर जाऊन नव्या डब्यात ताजं पेट्रोल आणलं. नळी, पंप, वाटी, जेट, एकेक करून धुतलं, पुसलं, फुंकलं. दोन तासांत आम्ही हत्यारं मागण्यापुरतंच बोललो. तरी त्याचा हात पुढे यायच्या आत मी पाना दिलेला असायचा, आणि मी वाकायच्या आत त्याने नट धरलेला असायचा. तीस वर्षांपूर्वी लागलेली सवय होती ती. मला तिचाही राग येत होता.

गाडी सुरू झाली. इंजिन फडफडत होतं, स्क्रू लावायचा बाकी होता. मी सवयीने एक पाऊल मागे सरलो. मिस्त्री खुर्चीवरून उठले, काठी टेकत आले, बंडीच्या खिशातून तो बुटका पेचकस काढला, आणि माझ्या हातात ठेवला.

"तू लाव," ते म्हणाले.

या दोन शब्दांसाठी मी किती वर्षं झुरलो होतो! मी वाकलो, पेचकस स्क्रूच्या खाचेत बसवला, डोळे मिटले. पाव फेरा आत. इंजिन घुटमळलं. थोडा बाहेर. चाल वाढली. पुन्हा केसभर आत. त्या सकाळी शरमेने की कशाने कोण जाणे, माझे कान उघडे झाले होते. चारही सिलिंडर मला वेगवेगळे ऐकू येत होते, एकामागे एक, ओळीने. नेमकी जागा आली तेव्हा ती आली हे मला कळलं, आणि मी हात काढून घेतला. मी तो स्क्रू चांगला लावला. यात कोणाचा वाटा नाही.

मिस्त्रींनी बॉनेटच्या कडेवर तळहात ठेवला. ऐकू येत नसल्याने आता ते गाडी हाताने ऐकतात. बराच वेळ हात तसाच होता. "बरोबर," ते म्हणाले.

मला वाटलं, आता मी मेलो तरी चालेल. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे न पाहता म्हटलं, "कान गेले गा माह्ये. नाक नाई गेलं. रोज रात्री गुडघ्याले लावतो ते."

त्यांनी माझ्या हातातून पेचकस काढून घेतला. चादरीच्या टोकाने पुसला. मग गाडीला वळसा घालून, हळूहळू काठी टेकत, ते पलीकडे भामरागडवाल्याकडे गेले आणि पेचकस त्याच्या शर्टाच्या खिशात घातला. वरून खिसा थोपटला. काकी म्हणाल्या, चला, चहाले जाऊन येऊ. मिस्त्री आणि काकी गाडीत बसून गेले. आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो. गाडीचा आवाज चौकापर्यंत कुठेही तुटला नाही.

त्याला बसस्टँडवर मीच स्कूटरवर सोडलं. बस उभीच होती. मी म्हणालो, "तू काऊन सांगितलं नाई त्यायले?"

"काय सांगाचं? त्यायले मालूम नव्हतं का?" तो म्हणाला. "तेल सांडवलं त सांडवलं. तुह्यं होतं. डब्बा त धुवाचा होता."

"पेट्रोलनं धुतल्या जाईन वाटलं."

तो हसला. मोठ्याने, सगळ्या बसस्टँडला ऐकू जाईल असा. मीही हसायला हवं होतं, पण माझ्याने हसवलं नाही. ड्रायव्हर वर चढला तसा तो घाईने पायरीवर चढला आणि खिशातून पेचकस काढून माझ्यापुढे धरला.

"हे ठेव तुह्यापाशी. त्यायले आता आयकू येत नाई, स्क्रू दर महिन्याले पाहा लागन. मी का दर महिन्याले बस बदलून येऊ?"

"त्यायनं तुले देल्ला."

"मंग मी तुले देतो," तो म्हणाला. बस सुटली.

मी ज्याच्यासाठी अर्धं आयुष्य जळत काढलं, ते त्याने बसच्या पायरीवरून दिलं, रस्त्यात कोणाला काडीपेटी द्यावी तसं. मला त्याचा इतका हेवा वाटला, की तिसऱ्या वर्षी वकिलाच्या गाडीच्या वेळी वाटला होता तो काहीच नव्हता. त्याला ते देऊन टाकता आलं. माझ्याकडे असतं, तर मी ते उशाखाली घेऊन झोपलो असतो.

या हिवाळ्यात पुन्हा निळा डबा आला, कडीला नवी दोरी. मी तेल कंबरेला लावतो. गुण येतो, आणि गुण येतो याचा राग येतो.

आता दर महिन्याला मी मिस्त्रींकडे जातो, सकाळी सातच्या आत, इंजिन थंड असताना. ते खुर्चीवर बसलेले असतात. मी खिशातून पेचकस काढतो, ते त्याच्याकडे पाहतात, मग माझ्याकडे पाहतात. आपण तो कोणाच्या खिशात घातला होता, हे ते विसरलेले नाहीत. पण विचारत नाहीत. एकदा तरी विचारावं, हा तुह्याकडे कसा आला, असं मला फार वाटतं. मी सगळं सांगेन. डबा, पिंप, रॉकेलने धुतलेले कोपर, भिंतीवरच्या सावलीपासून सगळं. पण आता त्यांना उजव्या कानानेही नीट ऐकू येत नाही. सांगायचं तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडून सांगावं लागेल. मी स्क्रू लावतो, ते बॉनेटवर हात ठेवतात आणि मान हलवतात. मग मी पेचकस पुसून खिशात घालतो, आणि पुढच्या महिन्यात येतो, असं हाताने खुणावून निघतो.